मोती ओवणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई कुणाच्या घरी निवांत बसून चहा प्यायल्या असं कोणी सांगितलं, तर माझा विश्वास बसणार नाही. कप हातात आला की त्या उठायच्याच. खिडकीशी जाऊन पडदा सारखा करायच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पुढच्या महिन्यातली चतुर्थी कधी ते बघायच्या, तिथून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आतल्या बाईला "शाक कसलं आज?" विचारायच्या. तोवर चहा संपलेला असायचा. "ताई, बसा ने जरा," असं आमच्या बडोद्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत कोणी म्हटलं की "बसलेय की" हे उभ्याउभ्याच म्हणायच्या. रिक्षाची वाट पाहणं त्यांना जमायचं नाही. एखादी येईपर्यंत त्या निम्मा रस्ता चालून गेलेल्या असायच्या.

मोती समोर आले की मात्र ही बाई जमिनीला खिळायची. उजवा पाय पुढे पसरून रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, तो ताणून धरायचा आणि एकेक मोती सरकवत दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारत जायचं. चार-चार तास. मान हलायची नाही, तहान लागायची नाही. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललं तर ऐकू यायचं नाही, असं नव्हे. ऐकू यायचं, पण उत्तर सगळं काम संपल्यावर मिळायचं, आणि विचारणाऱ्याला आपण काय विचारलं होतं ते आठवत नसायचं.

बडोद्यातली निम्मी मराठी माणसं आपल्या पणजोबांचा राजवाड्याशी काहीतरी संबंध होता असं सांगतात. माझे वडीलही सांगायचे. कुमुदताईंच्या सासऱ्यांनी मात्र खरोखर वाड्यावरचे मोती ओवले होते, आणि त्या ते कधी सांगायच्या नाहीत. मला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं. नवऱ्याबद्दल कोणी विचारलं तर "होते" एवढंच उत्तर. अंगावर दागिना म्हणून काही नाही. हातात काचेच्या दोन बांगड्या, त्याही काम सुरू करताना काढून ठेवायच्या.

काम घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. मोती आपल्या घरी आणायचे नाहीत. ज्याचे मोती, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या देखत ओवायचे. बरोबर पिशवी न्यायची नाही. आधी मालकिणीला मोती मोजायला लावायचे, मग स्वतः मोठ्यानं मोजायचे, काम संपल्यावर पुन्हा दोघींनी मोजायचे. कापलेला जुना दोरासुद्धा पुडीत बांधून परत द्यायचा. आणि उठल्यावर सगळ्यांसमोर पदर झटकून दाखवायचा. बायका ओशाळायच्या. "अहो, तुमच्यावर का आमचा विश्वास नाही?" म्हणायच्या. कुमुदताई म्हणायच्या, "आहे म्हणूनच. तो शाबूत राहावा म्हणून झटकते."

माझी त्यांची ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. त्या काळात आमच्या गावात काचेच्या दारांची नवी दुकानं रोज एक या वेगानं उघडत होती. अलकापुरीत हसमुखभाईंनी दागिन्यांचं दोन मजली शोरूम काढलं. दारात गणवेशातला चौकीदार, आत थंडगार हवा. मी भूगर्भशास्त्राची पदवी आणि रत्नपरीक्षेचा मुंबईचा डिप्लोमा घेऊन तिथे पारख करायला लागले होते, आणि त्या डिप्लोम्याचा मला भलताच अभिमान होता. मोती ओवायला हसमुखभाईंनी कुमुदताईंना आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक मोती उचलून दातावर घासला. मी नाक मुरडलं. एक तर ते घाणेरडं, वर अशास्त्रीय.

"दातानं फक्त काच कळते," त्या म्हणाल्या. "खरखरलं तर मोती, गुळगुळीत लागलं तर काच. पण समुद्रातला आपोआप झालेला की शिंपल्यात मणी घालून पिकवलेला, ते दाताला काय कळतंय? ते वेजातून बघायचं." वेज म्हणजे मोत्याला पाडलेलं भोक. "आण तुझी ती काच."

माझं भिंग डोळ्याला लावून त्यांनी वेजात पाहिलं आणि मला दाखवलं. आतला मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये एक काळसर रेघ होती. पुस्तकात मी तिचं चित्र पाठ केलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. "जुन्या बसऱ्याच्या, समुद्रात आपोआप झालेल्या मोत्यात ही नसते," त्या म्हणाल्या. "शिवाय त्याचं वेज बारीक. हातानं पाडलेलं, दोन्हीकडून." त्यानंतर ते भिंग माझं कमी आणि त्यांचंच जास्त झालं.

हसमुखभाई माणूस भला, पण शोरूममध्ये एक बाई पाय पसरून जमिनीवर बसते आणि अंगठ्याला दोरा बांधते, हे त्यांना खटकायचं. त्यांनी एक चाकांची, उंचीला कमीजास्त होणारी खुर्ची मागवली. "कुमुदबेन, आ खुरशी तमारे माटे छे," म्हणून मोठ्या कौतुकानं स्वतः ढकलत आणली. कुमुदताईंनी ती फिरवून पाहिली, खाली-वर करून पाहिली, हवी तेवढी खाली केली, तिच्यावर मोत्यांचं तबक ठेवलं आणि शेजारी जमिनीवर बसल्या. "सरस छे," म्हणाल्या. खुर्ची तबकासाठी कायम झाली. संध्याकाळी निघताना त्या चौकीदारासमोर पदर झटकायच्या, आणि तो बिचारा दर वेळी आकाशाकडे बघायचा.

एकदा निजामपुऱ्यातलं एक जोडपं आलं. नवऱ्यानं दुबईहून बायकोसाठी मोत्यांची माळ आणली होती आणि बाईंना ती गाठी मारून हवी होती. कुमुदताईंनी एक मोती दातावर घासला आणि माळ परत केली. "काच आहे. याला रेशीम कशाला वाया घालवता?" बाईंचा चेहरा पडला, नवरा लाल झाला. ती दोघं गेल्यावर हसमुखभाई हात जोडून म्हणाले, "बेन, थोडं मीठं बोलत जा ने." त्यावर कुमुदताई म्हणाल्या, "मी मोती खोटे म्हणाले. नवरा खोटा असं कुठे म्हणाले? माझं काम मोत्यांबद्दल बोलायचं." या उत्तरावर आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. गेले चार दिवस ते टाळून मी घरातली कपाटं आवरत होते.

हसमुखभाईंचा एक नियम होता. जुना दागिना विकायला कोणी आलं, तर तो ज्याचा असेल त्याचं सहीचं पत्र घ्यायचं. घरातल्या घरात काय काय होतं ते त्यांनी धंद्यात पाहिलेलं होतं. एका दुपारी शिरीष चिटणीस आले. चिटणिसांचं घर दांडिया बाजारातलं, आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं. त्यांनी रुमालातून मोत्यांचे सर काढले. तन्मणीचे सर होते ते, मधलं लटकन तेवढं काढून घेतलेलं. मी भिंगातून पाहिलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं, इतके ते सुरेख बसऱ्याचे होते.

"आईचे आहेत. तिनंच सांगितलंय," शिरीष म्हणाले. "गौरीचं लग्न ठरलंय ने, आता खर्च तुम्हाला काय सांगायचा." गौरी त्यांची मुलगी. मी मान डोलावली आणि पत्र मागितलं नाही. समोर गुजराती गिऱ्हाईक असतं तर मागितलं असतं, हे मला आज कबूल केलंच पाहिजे. पण चिटणिसांच्या मुलाकडून, मराठीत बोलणाऱ्या माणसाकडून, आईचं पत्र मागायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं वाटलं मला. आपल्यातला माणूस, एवढ्यावर मी खरेदीच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी ते सर तपासून नव्यानं ओवायला कुमुदताईंपुढे ठेवले. त्यांनी कात्री घेतली आणि तशीच खाली ठेवली. एका सराच्या टोकाची गाठ नखानं चाचपली. मग एक मोती फिरवला. त्याला एका बाजूला खळगा होता आणि तो आतल्या अंगाला वळवून ओवलेला होता.

"हे मालतीचे मोती आहेत," त्या म्हणाल्या. "मीच ओवलेत. कुठून आले?"

मालतीबाई चिटणीस म्हणजे शिरीषच्या आई आणि कुमुदताईंची शाळेपासूनची मैत्रीण. मी सगळं सांगितलं. "पत्र घेतलंस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या उठल्या आणि काउंटरच्या मागे येरझाऱ्या घालायला लागल्या. एवढ्याशा जागेत तीन पावलं जायच्या आणि वळायच्या. "मालतीनं विकायला काढले असते तर मला सांगितलं असतं," एवढंच पुन्हा पुन्हा. मग आपल्याच मनाशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी हे सर मी माझ्या घरी नेऊन ओवलेत. जन्मात एकदाच." तेव्हा मालतीबाईंच्या घरी रंगकाम चाललं होतं, बसायला जागा नव्हती. कुमुदताईंनी नंतर येते म्हटलं, तर मालतीबाई रागावल्या. माझ्यासमोर तू पदर झटकणार का, मैत्रीण म्हणवतेस ना, घेऊन जा मुकाट्यानं, असं म्हणून त्यांनी डबी हातात कोंबली. तीन दिवस ते मोती कुमुदताईंच्या घरी होते.

त्या दिवशी त्यांनी सर ओवायला नकार दिला. हसमुखभाईंना कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझं पत्र न घेणं उघडं पडलं असतं. मालतीबाईंना विचारायचं तर त्यांच्या मुलावर आळ घेण्यासारखं, म्हणून तिकडेही गेल्या नाहीत. आठवड्याभरात ते मोती मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेले. मी पत्राची गोष्ट कोणाकडे काढली नाही.

दोन महिन्यांनी कुमुदताई अगदी खुशीत माझ्याकडे आल्या. मालतीबाईंचा निरोप आला होता: गौरीच्या लग्नात घालायला तन्मणी काढलाय, दोरा दोन वर्षांचा झालाय, येऊन नव्यानं ओवून दे. "बघ, मोती घरीच आहेत," कुमुदताई म्हणाल्या. "मीच चुकले. म्हातारी झाले, दुसरं काय. चल माझ्याबरोबर तुझी काच घेऊन. मी चुकलेली निघाले तर मीच पेढे वाटते." रस्त्यात त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला धावावं लागत होतं. एवढं वय झालेली बाई आपण चुकलेलो असावं म्हणून देवाला विनवत होती, हे मला तेव्हा कळत होतं, आणि माझीही तीच विनवणी चालली होती.

चिटणिसांकडे लग्नघराची गडबड होती. बाहेरच्या खोलीत गौरीच्या सासरची मंडळी आली होती. मधल्या खोलीत सतरंजीवर आम्ही बसलो. मालतीबाईंनी मखमली डबी पुढे केली. दोरा त्यांनी आधीच कापून मोती सुटे करून ठेवले होते. दोघींनी मोठ्यानं मोजले. मोती पूर्ण भरले. कुमुदताईंनी दोरा अंगठ्याला लावला, पहिला मोती हातात घेतला, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे दिला. मी भिंग लावलं. वेजात काळसर रेघ होती.

"काय दिसतंय, नीला?" त्यांनी विचारलं.

"पिकवलेले आहेत," मी म्हणाले. "नवे."

कुमुदताईंनी दोरा अंगठ्यावरून काढला. "मालती, हे तुझे मोती नाहीत."

शिरीष त्याच वेळी दारात आले होते. त्यांच्या मागे त्यांची बायको. मालतीबाईंनी मुलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. बाहेरच्या खोलीतून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग खाली सतरंजीकडे बघत त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला तू घरी नेले होतेस, कुमुद."

कुमुदताईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी शिरीषकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंग रुमालात गुंडाळत होते. एक वाक्य बोलायचं होतं: हे मोती यांनी माझ्यासमोर विकले. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं असतं, की तुम्ही पत्र का नाही घेतलंत, आणि माझी नोकरी, माझा डिप्लोमा, सगळं त्याच्यामागे गेलं असतं. मी मनाशी म्हटलं, माझं काम मोत्यांबद्दल बोलायचं, ते मी बोलले. कुमुदताईंचंच वाक्य मी असं वापरलं, याची मला आजही लाज वाटते.

"नेले होते," कुमुदताई म्हणाल्या. "माझी चूक झाली." दुसरं काही नाही. शिरीषचं नाव नाही. त्या उठल्या, चप्पल घातली, पाहुण्यांना नमस्कार केला आणि निघाल्या. मी मागे गेले तेव्हा त्या रस्त्याच्या टोकाला पोहोचल्या होत्या. मी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

बडोद्याच्या मराठी घरांमध्ये एखादी गोष्ट पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. कोणी कुमुदताईंना तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त बोलावणी थांबली. "आता हैदराबादहून तयार गाठवून येतं, ताई," असं काहीतरी सांगायचे. शोरूममध्येही त्या पुन्हा आल्या नाहीत. हसमुखभाईंनी दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः जाऊन आले. शेवटी ती खुर्ची बिलाच्या कॉम्प्युटरवाल्या मुलीला दिली. मी तिथे आणखी सात वर्षं काढली. पुढे मोत्यांबरोबर छापील प्रमाणपत्र द्यायची पद्धत आली, त्यावर माझी सही असायची. सही करताना दर वेळी ते न घेतलेलं पत्र आठवायचं, आणि मी करायची.

शेवटी मालतीबाई अंथरुणाला खिळल्या असं कळलं तेव्हा मी गेले. त्या जाईपर्यंत गप्प राहण्यापेक्षा बोलून त्यांच्या शिव्या खाव्यात असं वाटलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सगळं सांगितलं, शिरीष, रुमाल, न घेतलेलं पत्र.

"मला माहीत होतं," मालतीबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी. त्याचा चेहरा बघितला ने मी."

"मग कुमुदताईंना..."

"बाहेर गौरीच्या सासरची माणसं बसली होती. चोर कोणी तरी ठरणारच होतं. मुलाला कसं ठरवू?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं आणि पुसायला हात उचलत नव्हता. "कुमुद सोसेल असं वाटलं. तिनं सोसलं."

मी विचारलं, बोलावून आणू का त्यांना. त्या म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं?" आणि भिंतीकडे वळल्या.

कुमुदताई तोवर मांजलपूरला पुतण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या होत्या. मी स्कूटर काढून तशीच तिकडे गेले. त्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. दोन कपडे काढायच्या, आत ठेवून यायच्या, पुन्हा दोन काढायच्या. मी मालतीबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा हलक्या होतील.

"तिला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही."

"राग नाही आला तुम्हाला?"

त्यांनी हातातली चादर दोन टोकांनी धरली आणि दुसरी दोन टोकं माझ्याकडे दिली. आम्ही ती ताणून घडी घातली.

"मालतीचा नाही आला. तिचा मुलगा होता तो. मीसुद्धा तिच्याचसाठी गप्प बसले." मग त्यांनी घडी माझ्या हातातून काढून घेतली. "तुझा आला, नीला. तू कोणासाठी गप्प बसलीस?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. आत जाऊन पाणी आणून दिलं, पुतण्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी मीच केली, तिची त्यांनी उत्तरं दिली. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. खाली येऊन मी स्कूटर चालू केली आणि वर पाहिलं. त्या पुन्हा गॅलरीत आल्या होत्या. राहिलेले कपडे काढत होत्या, माझ्याकडे पाठ करून.